बेट जवळ आलं की गेम अडखळतो: घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

भर समुद्रात ऐंशी-नव्वद एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं), आणि क्षितिजावर बेट उगवलं की अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे झटके. 'सी ऑफ थीव्ज', 'अ‍ॅटलस' हे चाच्यांचे गेम, किंवा चाचे नसले तरी पाण्यातून बेटं पालथी घालायला लावणारे 'राफ्ट', 'व्हॅलहाइम', यातला कुठलाही गेम आमच्या ग्रुपमध्ये कुणी नव्याने टाकला की हीच तक्रार येते. पाठोपाठचा प्रश्नही ठरलेला असतो: "ग्राफिक्स कार्ड बदलू का?"

पाकीट आत ठेवा. हा आजार मी इतक्या मशीनवर बघितलाय की नवं कार्ड घ्यायला कुणाला सांगायची वेळ क्वचितच येते.

आधी हे बेटापाशीच का होतं ते बघू. समुद्र पडद्यावर काढायला स्वस्त असतो. पाण्याचा एक पृष्ठभाग, लाटा गणिताने हलवलेल्या, वर आकाश. मैलोनमैल गेलात तरी डिस्कवरून नवीन फारसं काही आणावं लागत नाही. बेट आलं की झाडं, खडक, गवत, प्राणी, सांगाडे, त्यांचे टेक्श्चर (वर चढवलेली चित्रं), सावल्या आणि आवाज, सगळं काही सेकंदांत डिस्कवरून रॅममध्ये आणि तिथून ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत जायला हवं. या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तिथे उघडी पडते. बायोम, म्हणजे निसर्गाचा प्रकार, बदलला की आणखी भर. 'सी ऑफ थीव्ज'मध्ये 'शोअर्स ऑफ प्लेंटी'च्या वाळू-माडांच्या बेटांवरून 'एन्शंट आइल्स'च्या दाट जंगलात शिरलात, की सामानाचा जवळजवळ सगळा संचच बदलतो. 'डेव्हिल्स रोअर'मध्ये तर ज्वालामुखी फुटला की धूर, ठिणग्या आणि आभाळातून पडणारे धगधगते दगड, म्हणजे कार्डाची खरी तालीम.

कच्ची कडी प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी असते. म्हणून मित्राला लागू पडलेला उपाय तुम्हाला लागू पडेलच असं नाही, आणि म्हणूनच लक्षणं नीट बघायची.

लक्षणं

झटके फक्त बेटाकडे जाताना येतात, किनाऱ्यावर दोन मिनिटं उभं राहिलं की सगळं शांत: संशय डिस्कवर.

बेटावर पहिल्यांदा गेलं की अडखळतं, त्याच बेटावर पुन्हा गेलं की नाही; कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न: शेडर, म्हणजे रंग-प्रकाश कसा काढायचा हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होताहेत. हा बिघाड नव्हेच.

खडकांवरचं टेक्श्चर चिखल फासल्यासारखं राहतं, मान वळवली की धक्का बसतो: कार्डाची मेमरी भरली.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास, मग पंखा बोंबलायला लागतो आणि एफपीएस निम्म्यावर येतो: उष्णता.

गेम काही न बोलता बंद होऊन थेट डेस्कटॉप दिसतो: रॅम किंवा पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल), कधी खराब झालेली गेमची फाइल.

ठरावीक वेळाने एकच झटका, बेट असो वा नसो: बहुतेक ऑटोसेव्ह. सर्व्हायव्हल गेममध्ये जग जितकं मोठं आणि तळ जितका पसरलेला, तितका तो जास्त जाणवतो. निर्मनुष्य बेटावर सगळं ठीक आणि स्वतः बांधलेल्या किल्ल्यापाशीच रखडत असेल, तर मशीन तपासण्याआधी चार-पाचशे मशाली कमी करून बघा.

एफपीएस पुरेपूर आहे, पण जहाज मागे खेचलं जातं, समोरचा चाचा उड्या मारत चालतो: नेटवर्क. खालचा बराचसा भाग तुमच्यासाठी नाही. राउटरला केबल लावा, घरात कोण काय डाउनलोड करतंय ते बघा.

आणि शेवटचं: पीसीच धाडकन बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. मग बाकी काही न करता सरळ शेवटच्या भागावर जा.

एक खुलासा. 'अ‍ॅटलस'चं जग चौकोनांत वाटलेलं आहे आणि प्रत्येक चौकोन वेगळ्या सर्व्हरवर चालतो. हद्द ओलांडताना खेळ काही वेळ थांबतो तो त्यामुळे. ते दुरुस्त करायला जाऊ नका.

मोजल्याशिवाय हात लावू नका

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, आणि दुसरा मॉनिटर नसेल तर गेम विंडोमध्ये चालवून तो बाजूला ठेवा. जमलं तर 'एमएसआय आफ्टरबर्नर' टाका, त्यात फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेक फ्रेम काढायला लागलेल्या वेळाचा, आलेख दिसतो. साठ एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. मध्येच एक फ्रेम २०० मिलिसेकंद लटकली तरी सरासरी आकडा ढिम्म हलत नाही. आलेखात मात्र सुळका उभा राहतो. "साठ दाखवतंय, तरी अडकतंय" यामागचं कोडं एवढंच.

मग नेहमी एकच रस्ता धरा. 'सी ऑफ थीव्ज'मध्ये मी चाचणीसाठी 'थीव्ज हेवन' घेतो. भलं मोठं बेट, आणि जहाज थेट आतल्या गुहेत घालता येतं, त्यामुळे सगळं सामान एकदम समोर येतं. शिडं पूर्ण सोडून बेटाकडे निघा आणि नजर टास्क मॅनेजरवर ठेवा. झटका बसला त्या क्षणी कुठला आकडा शंभराला टेकला? डिस्क, मेमरी, प्रोसेसर की ग्राफिक्स? पुढची प्रत्येक गोष्ट केल्यावर हाच फेरा पुन्हा मारायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाच गोष्टी एकदम बदलून "झालं बुवा ठीक" म्हणणारे महिन्याभरात परत येतात, आणि तेव्हा कशाने ठीक झालं होतं ते त्यांना सांगता येत नाही.

फुकटातल्या, पाच मिनिटांच्या तपासण्या

डेस्कटॉप असेल तर मागे वाका आणि मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ती ग्राफिक्स कार्डाला हवी, मदरबोर्डाच्या पोर्टला नको. घर आवरताना, रंगकामाच्या वेळी कुणीतरी तारा काढतं आणि समोर दिसेल त्या भोकात घालतं. मग हजारोंचं कार्ड रिकामटेकडं बसतं आणि प्रोसेसरमधला किडमिडा ग्राफिक्स भाग बेट काढत राहतो.

लॅपटॉप असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन गेमपुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडा. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर लॅपटॉप कार्डाची वीज बरीच कापतो. चार्जरही त्याच लॅपटॉपचा हवा. हॉस्टेलवर ही भानगड फार. १८० वॉट मागणाऱ्या मशीनला रूममेटचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला तर बॅटरीचं चिन्ह चार्जिंग दाखवतं आणि खेळ मात्र रडतो.

ब्राउझरचे चाळीस टॅब, स्टीमवर चालू असलेलं दुसऱ्या गेमचं डाउनलोड, अँटिव्हायरसचं स्कॅन, सगळं बंद करून चाचणी घ्या. 'गेम बूस्टर', 'रॅम क्लीनर' असली सॉफ्टवेअरं काढूनच टाका. रॅममध्ये आणून ठेवलेलं सामान ती बाहेर फेकतात, आणि पुढच्या बेटापाशी तेच डिस्कवरून परत आणावं लागतं. मदत म्हणून घरात घेतलेलं हे पाहुणं उलट आपल्यालाच कामाला लावतं.

यूट्यूबवर बघून पेजफाइल शून्य केली असेल तर ती पुन्हा विंडोजच्या हवाली करा. सोळा जीबी रॅम असूनही बेटावर पाय ठेवताच डेस्कटॉपवर फेकले जाणारे बरेच जण इथेच सापडतात. गेम जितकी मेमरी राखून ठेवायला मागतो तितकी द्यायला विंडोजला ती फाइल लागते, मग प्रत्यक्षात रॅम रिकामी का असेना.

गेमच्या फाइली तपासून घ्या. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, व्हेरिफाय. एखाद्याच बेटावर, एखाद्याच जागी हमखास क्रॅश होत असेल तर हे सगळ्यात आधी करा.

डिस्क: निम्म्या तक्रारी इथेच मिटतात

गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे ते बघा. "माझ्याकडे एसएसडी आहे" हे उत्तर पुरत नाही. एसएसडीवर विंडोज असतं, २५६ जीबीची ती बिचारी केव्हाच भरलेली असते, आणि गेम पडलेला असतो एक टीबीच्या हार्ड डिस्कवर, नाहीतर यूएसबीने लटकवलेल्या बाहेरच्या डिस्कवर.

हार्ड डिस्कमध्ये एकच वाचणारा हात फिरत्या तबकडीवर पुढे-मागे सरकतो. किराणा दुकानात पोऱ्या एकच आणि यादी दोनशे जिनसांची, प्रत्येक जिन्नस वेगळ्या फळीवर, अशातली गत. सलग मोठी फाइल वाचायला ती सेकंदाला दीडशे एमबी देईलही. पण बेट म्हणजे हजारो छोटे तुकडे, आणि प्रत्येक उडीला दहाएक मिलिसेकंद जातात. अशा विखुरलेल्या वाचनात तोच वेग एक-दोन एमबीवर येतो. साध्या साटा एसएसडीला हात नाही, तबकडी नाही. ती सलग वाचनात पाचशेच्या वर जाते आणि विखुरलेल्या वाचनातही हार्ड डिस्कच्या कितीतरी पट पुढे राहते. एनव्हीएमई ही एसएसडीचीच दुसरी जात कागदावर आणखी वेगवान आहे, पण या विशिष्ट तक्रारीसाठी खरी उडी हार्ड डिस्क ते कुठलीही एसएसडी हीच. त्यापुढचा फरक बहुतेकांना जाणवतही नाही, तेव्हा दुकानदाराने महागातली गळ्यात मारायचा प्रयत्न केला तर हसून नाही म्हणा.

एसएसडीवर जागा करून गेम हलवायला पैसे पडत नाहीत. त्याच इन्स्टॉल्ड फाइल्सच्या पानावर 'मूव्ह' आहे. फक्त एसएसडी गच्च भरू नका. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा, भरत आली की तिचाही वेग बसतो.

सगळं एसएसडीवर असूनही बेटापाशी डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. 'गुड' आलं तर पुढे चला. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर खेळ तिथेच थांबवा आणि फोटो, कागदपत्रं, कॉलेजचं काम आधी दुसरीकडे उतरवा. 'सी ऑफ थीव्ज'मधली तुमची कमाई सर्व्हरवर असते, ती कुठे जात नाही. 'राफ्ट', 'व्हॅलहाइम' यांचं जग तुमच्याच डिस्कवर असू शकतं, त्यामुळे तीही फोल्डरं उतरवा.

सेटिंग्ज

सगळं 'लो'वर टाकणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि बऱ्याचदा निरुपयोगी. कार्डावरचा भार हलका होतो, पण कच्ची कडी डिस्क किंवा प्रोसेसर असेल तर झटके आहेत तिथेच राहतात, वर गेम कुरूप दिसतो.

टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या, पानावर 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे मेमरीचे दोन आकडे असतात. डेडिकेटेड काठोकाठ भरून शेअर्ड चढायला लागलं म्हणजे कार्डाची मेमरी कमी पडली आणि सामान साध्या रॅममध्ये सांडायला लागलं. फक्त टेक्श्चर एक पायरी खाली आणा. चार जीबीच्या कार्डांवर हे करावंच लागतं. दोन-तीन बायोम फिरल्यावरच त्रास सुरू होत असेल तर संशय इथेच पक्का होतो; आधीच्या बेटांचं सामान अजून तिथे बसलेलं असतं.

मग झाडी, सावल्या, दूरवर दिसण्याचं अंतर. पाण्याची क्वालिटी शेवटी. समुद्रात तुम्हाला त्रास नाहीच, मग समुद्राचं सौंदर्य का मारायचं?

आता सगळ्यात कामाची सेटिंग: एफपीएसला मर्यादा घाला. लॅपटॉपचा पडदा १४४ हर्ट्झचा असतो, मोकळ्या समुद्रात मशीन जोर लावून शंभर-सव्वाशे फ्रेम काढत सुटतं, म्हणजे काही दिसत नसताना घाम गाळतं. दहा मिनिटं अशी तापल्यावर बेट येतं, आणि नेमका तेव्हाच प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. साठवर, जुन्या लॅपटॉपवर पंचेचाळीसवर मर्यादा घातली की बेटापर्यंत पोचताना मशीन थंड असतं. गेममध्ये सोय नसेल तर कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये असते. एकही रुपया न घालवता सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच.

शेडरच्या झटक्यांना औषध म्हणजे खेळत राहणं. ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्या अडखळणारच. एनव्हिडियाच्या कार्डावर शेडर कॅशची मर्यादा १० जीबी करून ठेवा, म्हणजे तयार झालेले शेडर जागेअभावी पुसले जाणार नाहीत. दर आठवड्याला 'साफसफाई' म्हणून कॅश उडवणारे हा त्रास स्वतःच ओढवून घेतात.

उष्णता आणि धूळ

डिसेंबरात पुण्यात खोली बावीस अंशांवर असते. मे महिन्यात अकोल्या-नागपुरात पंखा लावूनही चाळीस. हा अठरा अंशांचा फरक जवळपास जसाच्या तसा प्रोसेसरवर चढतो. म्हणून "दिवाळीत नीट चालत होतं, आता काय झालं?" हा प्रश्न विदर्भातून आला की मी आधी तापमान विचारतो. प्रोसेसर ९५ अंशांच्या वर जाऊन टिकत असेल आणि त्याच वेळी त्याचे गिगाहर्ट्झ खाली येत असतील, तर निदान झालं.

लॅपटॉप गादीवरून उचला. हवा खालून आत जाते आणि चादर ती वाट बंद करते. मागच्या बाजूला दोन वह्या देऊन उंची द्या. याने तापमान काही अंश उतरतं आणि पुढे कूलिंग पॅड घ्यायचं की नाही ते त्यावरून कळतं. डेस्कटॉपची बाजू उघडता येत असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, धूळ ब्लोअरने उडवा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा भरभर फिरला की त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्यातली स्थिर वीज भाग मारू शकते. मालवण-रत्नागिरीकडे, समुद्राजवळच्या घरांत धुळीपेक्षा खारट दमट हवा त्रास देते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. रॅम काढून पट्ट्या मऊ खोडरबराने हलके पुसून घट्ट बसवणं डेस्कटॉपवर स्वतः करता येतं.

लॅपटॉप उघडून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलणं हे पहिल्यांदाच करणार असाल तर करू नका. वॉरंटी असेल तर मुळीच नाही.

पैसे लागतील ती पायरी

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घाला. एकूण सोळा जीबी होतात आणि दोन पट्ट्या जोडीने काम करतात, त्यामुळे प्रोसेसरला सामान दुप्पट रुंद वाटेने मिळतं. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, कारण त्यांचं कार्ड म्हणजे हीच रॅम. डेस्कटॉपवर रॅमचा वेग पट्टीवर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी दिसत असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय, चालू करा. त्यानंतर क्रॅश सुरू झाले तर बंद करा.

रॅम की एसएसडी असा पेच असेल तर चाचणीचा फेरा काय म्हणाला ते आठवा. डिस्क शंभरावर होती तर एसएसडी, मेमरी नव्वदच्या वर होती तर रॅम. दोन्ही निवांत आणि फक्त जीपीयू सतत ९९ टक्के, टेक्श्चर आणि सावल्या उतरवूनही, तेव्हा कुठे कार्डाचा विचार करा.

इथे थांबा, जाणकाराकडे न्या

पीसी बेटापाशी धाडकन बंद पडत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून तपासू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. त्याचा अर्थ विंडोज नीट बंद न होताच मशीन बंद पडलं एवढाच, ते का पडलं हे तो सांगत नाही. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) दमला असेल, मदरबोर्ड असेल, घरातला व्होल्टेजही असेल. ते ठरवायला दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघावा लागतो आणि तो दुकानात असतो. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर वीज धरून ठेवतात.

लॅपटॉपचा टचपॅड वर आलेला किंवा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, त्याच दिवशी न्या. जळका वास, पडद्यावर रंगीत ठिपके-चौकोन, 'बॅड' दाखवणारी डिस्क, साफसफाईनंतरही शंभरीला टेकणारं तापमान, हेही घरी करायचं काम नव्हे.

दुकानात "गेम हँग होतो" एवढंच सांगितलंत तर "विंडोज टाकून देतो" हे उत्तर हमखास. नवं विंडोज टाकून बेटाचे झटके क्वचितच जातात. तुमचा डेटा मात्र जातो. त्यापेक्षा कागदावर लिहून द्या: झटका कधी येतो, त्या वेळी कुठला आकडा शंभरावर होता, तापमान किती होतं, आतापर्यंत काय काय करून झालं. पेस्ट बदलून घेणार असाल तर आधीचं आणि नंतरचं तापमान काउंटरवरच दाखवायला सांगा. एसएसडी बदलली तर जुनी परत मागून घ्या. तुमचे फोटो आणि पासवर्ड अजून तिच्यातच आहेत.